संशोधनासाठी लिहिलेली लायब्ररी प्रस्थापित मुक्तस्रोत प्रकल्पात कशी न्यावी?

प्रश्न

नमस्कार. असमान अंतरांनी घेतलेल्या निरीक्षणांमधून आवर्तकाल शोधणारी एक पायथन लायब्ररी मी आणि माझे दोन सहकारी गेली सहा वर्षे सांभाळत आहोत. तिचा पाया अनेकांच्या परिचयाचा आहे: लोंब यांनी १९७६ मध्ये आणि स्कार्गल यांनी १९८२ मध्ये मांडलेला पिरियडोग्राम, म्हणजे कोणत्या आवर्तकालाचा तरंग निरीक्षणांत किती ठळक आहे हे दाखवणारा आलेख. त्यावर आम्ही दोन गोष्टी उभ्या केल्या आहेत. मूळ तरंगासोबत त्याचे वरचे हार्मोनिकही (त्याच्या वारंवारतेच्या पटींतले तरंग) एकाच वेळी बसवता येतात, ही पहिली. दुसरी गोष्ट नॉइजशी संबंधित आहे. निरीक्षणांमधला नॉइज परस्परांशी निगडित असेल, म्हणजे एका मोजमापातली चूक पुढच्या मोजमापातही थोडीफार उतरत असेल, तर पिरियडोग्राममधले उंच शिखर खरे मानायचे की योगायोगाचे, हे ठरवणारी गणना आम्ही लिहिली आहे. या दुसऱ्या भागावरचा आमचा शोधनिबंध चार वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला आणि आमच्या माहितीप्रमाणे सहा-सात संशोधन गट तो कोड नियमित वापरतात.

आमचे अनुदान पुढच्या वर्षाअखेरीस संपत आहे. एक सहकारी संशोधन सोडून गेला आहे आणि दुसऱ्याची मुदतही संपत आली आहे. कोड सुमारे ९,००० ओळींचा असून त्याचा परवाना जीपीएल ३ आहे, म्हणजे त्यावर आधारलेला कोड वितरित करायचा तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. माझ्यानंतर तो कोणी सांभाळणार नाही, पायथनच्या पुढच्या एखाद्या आवृत्तीत तो चालेनासा होईल आणि त्याच्या आधारावर काढलेले निष्कर्ष कोणाला पुन्हा पडताळता येणार नाहीत, याची मला खरोखर चिंता वाटते. म्हणून ही लायब्ररी सायपाय (वैज्ञानिक गणनेची पायथन लायब्ररी) किंवा ॲस्ट्रोपाय (खगोलशास्त्राची) यांसारख्या मोठ्या प्रकल्पात समाविष्ट करावी, असे आम्हाला वाटते.

आम्ही एक प्रयत्न करून पाहिला. एका मोठ्या प्रकल्पात सुमारे ४,२०० ओळींची पुल रिक्वेस्ट, म्हणजे आमचा कोड सामावून घेण्याची विनंती, पाठवली. महिनाभर कोणी उत्तर दिले नाही आणि त्यानंतर दोन ओळींची टीप लिहून ती बंद करण्यात आली. आमचे काय चुकले, सुरुवात कुठून करावी, संपूर्ण लायब्ररी नेणे शक्य आहे का आणि नेल्यास मूळ लेखकांचे श्रेय कसे टिकेल, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिले उत्तर

मी एका वैज्ञानिक लायब्ररीच्या देखभालीचे काम बरीच वर्षे करतो आणि अशा पुल रिक्वेस्ट तपासण्याची वेळ माझ्यावर नेहमी येते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

४,२०० ओळींची पुल रिक्वेस्ट समोर येते तेव्हा तपासणाऱ्याला त्यात फक्त कोड दिसत नाही. हा कोड पुढची दहा वर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्न त्याच्यापुढे आधी उभा राहतो. कोड एकदा रिलीजमध्ये गेला की त्यातली प्रत्येक चूक ही त्या प्रकल्पाची चूक ठरते, आणि ती दुरुस्त करणारे बहुतेक जण स्वतःच्या फावल्या वेळात काम करत असतात. तुमची रिक्वेस्ट महिनाभर पडून राहिली याचे कारण बहुधा अनास्था नसावे. इतका मोठा आणि अनोळखी विषयातला कोड वाचायला दोन-तीन दिवस सलग लागतात, आणि तेवढा सलग वेळ काढू शकणारा माणूस त्या महिन्यात नसणे अगदी शक्य आहे. दोन ओळींत ती बंद करणे मात्र मलाही पटत नाही. तुम्ही घेतलेल्या कष्टांना कारणासह उत्तर मिळायला हवे होते.

आता मुख्य मुद्दा. कोणत्याही जुन्या प्रकल्पात काय घ्यायचे याचे काही निकष ठरलेले असतात आणि पहिली ओळ पाठवण्यापूर्वी ते वाचणे आवश्यक आहे. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीने आपला ढोबळ निकष उघडपणे लिहून ठेवला आहे: पद्धत प्रसिद्ध होऊन किमान ३ वर्षे झालेली असावीत, तिचा संदर्भ २०० हून अधिक ठिकाणी आलेला असावा आणि तिचा वापर व उपयुक्तता व्यापक असावी. हा निकष कठोर वाटतो, पण त्यामागे साधा विचार आहे. नवी पद्धत काही वर्षांत मागे पडली तर प्रकल्पाला तो कोड लगेच टाकून देता येत नाही. सायपायमध्ये असा आकडा सांगितलेला नाही, पण पद्धत स्थिरावलेली असावी आणि अनेक विज्ञानशाखांना उपयोगी पडावी, ही अपेक्षा तिथेही असते. आपल्या पद्धतीचा उपयोग मुख्यतः एका शाखेला होत असेल, तर त्या शाखेचाच प्रकल्प पाहणे योग्य ठरेल.

यापुढचे सांगणे कदाचित आवडणार नाही, पण ते आताच सांगितलेले बरे. तुमच्या दोन गोष्टींपैकी पहिली ॲस्ट्रोपायमध्ये आधीपासून आहे. तिथल्या लोंब-स्कार्गल क्लासमध्ये 'एनटर्म्स' हे पॅरामीटर आहे आणि त्याने अनेक हार्मोनिक एकाच वेळी बसवता येतात. निरीक्षणांतील अनिश्चितता विचारात घेणे, सरासरीही सोबतच बसवणे, शिखर योगायोगाचे असण्याची संभाव्यता बालुएव यांच्या पद्धतीने किंवा बूटस्ट्रॅपने (निरीक्षणांतूनच पुन्हा पुन्हा नमुने घेऊन) काढणे, हे सगळे तिथे उपलब्ध आहे. याचा अर्थ तुमच्या ९,००० ओळींपैकी खरोखर नवा भाग म्हणजे परस्परनिगडित नॉइजची गणना. मला विचाराल तर ही चांगली बातमी आहे. आता तुम्हाला संपूर्ण लायब्ररी पुढे करायची नाही. तिच्यातला एकच गाभा पुढे करायचा आहे.

ॲस्ट्रोपायमधला हा पिरियडोग्रामही असाच बाहेरून आला. गॅट्सपाय नावाच्या स्वतंत्र पॅकेजमधला आणि ॲस्ट्रोएमएलमधला कोड त्यासाठी रूपांतरित करून घेतला गेला. त्या वेळी गॅट्सपाय सगळेच्या सगळे आले नाही. ज्याची गरज सर्वांना होती तेवढा भाग आधी आला, आणि अनेक फिल्टरमधली निरीक्षणे एकत्र हाताळणारा भाग कित्येक वर्षांनंतर आला. समावेश असा टप्प्याटप्प्याने होतो, हे त्यातून ध्यानात येईल.

दुसरा मार्गही आहे, आणि तो सायपायने रेषीय प्रोग्रॅमिंगसाठी, म्हणजे रेषीय अटींत राहून सर्वोत्तम उत्तर शोधण्यासाठी, वापरला. हाइझ हा सी++ मध्ये लिहिलेला सॉल्व्हर एडिंबरा विद्यापीठात विकसित झाला. २०२० च्या अखेरीस आलेल्या सायपाय १.६ मध्ये तो जोडला गेला, पण मूळ प्रकल्प स्वतंत्रच राहिला. सायपायने त्याला आत बोलावण्याची वाट तेवढी बांधली. त्यानंतर सायपायमधल्या जुन्या सिम्प्लेक्स आणि इंटिरियर-पॉइंट पद्धतींना निरोप देण्याची पूर्वसूचना देण्यात आली आणि २०२३ मधल्या १.११ आवृत्तीत त्या काढून टाकल्या गेल्या. कोड आत आल्याने प्रकल्पाचे ओझे कमी होते, असे दाखवता आले तर चर्चेचा सूर पहिल्या दिवसापासून वेगळा असतो.

तेव्हा पुढची पुल रिक्वेस्ट पाठवू नका. आधी एक प्रस्ताव लिहा आणि त्यात कोड शक्यतो ठेवू नका. आज वापरकर्त्याला कोणती अडचण येते, सध्याच्या साधनांनी उत्तर कुठे चुकते, तुमची पद्धत ते कसे सुधारते, कोणते एक-दोन फंक्शन वाढवावे लागतील आणि समावेशानंतर किमान दोन वर्षे त्याच्या तक्रारींना उत्तर देणारी व्यक्ती कोण असेल, एवढे त्यात असावे. त्या शेवटच्या वाक्यात कोणाचे तरी नाव असणे फार महत्त्वाचे आहे. अनुदान संपते म्हणून कोड सोपवत आहोत, असा सूर प्रस्तावातून उमटला तर तो नाकारला जाईल, आणि ते नाकारणे मला चुकीचे वाटणार नाही.

दुसरे उत्तर

वरच्या उत्तरात परवान्याचा उल्लेख राहिला आहे, आणि माझ्या मते तुमचा सर्वांत मोठा अडथळा तोच आहे.

सायपाय, नम्पाय, सायकिट-लर्न आणि ॲस्ट्रोपाय हे चारही प्रकल्प बीएसडी या फारशा अटी न घालणाऱ्या परवान्याखाली आहेत. बीएसडीखालचा कोड जीपीएल प्रकल्पात नेता येतो, उलट दिशेने मात्र तसे करता येत नाही. जीपीएल ३ खालचा तुमचा कोड बीएसडी प्रकल्पात न्यायचा असेल, तर ज्यांचा ज्यांचा त्या कोडवर स्वामित्वहक्क आहे त्या प्रत्येकाची नवीन परवान्यासाठी लेखी संमती लागेल. यात तुम्ही तिघे येता, त्याचबरोबर ज्या विद्यार्थ्याने एखाद्या सुट्टीत दोन फाइल लिहून दिल्या तोही येतो, आणि नोकरीचा करार तसा असेल तर संस्थाही येते. गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासातून लेखकांची यादी काढा आणि प्रत्येकाला आजच लिहा. माणसे संस्था बदलतात, त्यांचे ईमेल पत्ते बंद होतात, आणि पाच वर्षांनी एकच व्यक्ती सापडत नाही म्हणून तिने लिहिलेला भाग पुन्हा नव्याने लिहावा लागतो.

यापेक्षा अवघड प्रश्न असा, की तुमच्या कोडमध्ये दुसऱ्यांचे काय आहे. संख्यात्मक पद्धतींच्या काही प्रसिद्ध पाठ्यपुस्तकांतील प्रोग्रॅम पुढे वितरित करण्याची मुभा त्यांच्या परवान्यात नसते. त्यातला एखादा प्रोग्रॅम कोणी फोर्ट्रान किंवा सी मधून पायथनमध्ये उतरवला, चलांची नावे बदलली, तरी त्याला स्वतंत्र लेखन म्हणता येत नाही. ते मूळ कोडवरूनच तयार झालेले रूप मानले जाते. जीएनयू सायंटिफिक लायब्ररीचा स्रोत समोर ठेवून लिहिलेल्या फंक्शनविषयीही हेच म्हणावे लागेल, कारण ती जीपीएलखाली आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेले दहा ओळींचे तुकडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या शेअर-अलाइक परवान्याखाली असतात आणि बीएसडी प्रकल्प तेही स्वीकारत नाहीत. पद्धत शोधनिबंधातील सूत्रांवरून स्वतः लिहिलेली असेल, तर मात्र काळजीचे कारण नाही.

हे नियम केवळ कागदावर नाहीत. विरळ मॅट्रिक्सची समीकरणे सोडवणारे उम्फपॅक हे साधन अतिशय उपयोगी आहे, पण ते जीपीएलखाली असल्याने सायपायशी त्याची जोडणी सायकिट-उम्फपॅक या वेगळ्या पॅकेजमध्ये न्यावी लागली. एफएफटीडब्ल्यूसारखी नावाजलेली फूरिए लायब्ररीही याच कारणाने सायपायच्या आत नाही. तिथे २०१९ च्या अखेरीस आलेल्या १.४ आवृत्तीपासून बीएसडी परवान्याची पॉकेटएफएफटी वापरली जाते. तुमची लायब्ररी एफएफटीडब्ल्यूवर अवलंबून असेल तर ती जोडणीही सोडवावी लागेल.

चाचण्यांसाठी वापरलेली निरीक्षणेही पाहून घ्या. एखाद्या गटाने विश्वासाने दिलेली, अद्याप प्रसिद्ध न झालेली मोजमापे अनेकदा चाचण्यांच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेली असतात आणि ती तिथे आहेत हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. 'एनटर्म्स'विषयी वाचून आधी वाईट वाटले, हे मान्य करतो, कारण त्या भागावर आमचे जवळजवळ एक वर्ष गेले होते. मात्र काल संपूर्ण दिवस कोडची फाइलवार छाननी केली आणि चित्र बरेच स्पष्ट झाले. खरोखर नवा म्हणता येईल असा गाभा सुमारे १,१०० ओळींचा आहे. उरलेल्या कोडमध्ये फाइल वाचणे, आलेख काढणे, कमांड लाइनची सोय आणि जे इतरत्र आधीच उपलब्ध आहे त्याची आमची स्वतःची आवृत्ती, असे सगळे आहे.

परवान्याच्या बाबतीत एक गंभीर गोष्ट आढळली. जलद गणनेची फाइल एका विद्यार्थ्याने लिहिली होती आणि तिच्या पहिल्याच टिप्पणीत एका पाठ्यपुस्तकातील प्रोग्रॅमचा क्रमांक दिलेला आहे. सहा वर्षांत माझे तिकडे लक्ष गेले नाही, ही माझी चूक आहे. ती फाइल आम्ही वितरणातून ताबडतोब काढली आहे. तिच्या जागी प्रेस आणि रायबिकी यांच्या १९८९ च्या शोधनिबंधातील वर्णनावरून, जुना कोड न पाहता, दुसरा सहकारी नवीन फंक्शन लिहीत आहे.

आणखी दोन शंका आहेत. मोठ्या प्रकल्पात गेल्यावर आमच्या जुन्या निकालांशी आकडे जुळले नाहीत तर काय करावे? आणि श्रेयाविषयीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पुढच्या नोकरीसाठी तो महत्त्वाचा असल्याने मला तो टाळता येत नाही.

तिसरे उत्तर

या दोन्ही शंकांचा अनुभव मी घेतला आहे. विशेष फलनांची गणना करणारे आमचे पॅकेज सुमारे ५,००० ओळींचे होते. त्यातल्या ३४० ओळी एका मोठ्या लायब्ररीत गेल्या आणि त्याला चौदा महिने लागले. ते महिने वाया गेले असे मला आज वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे.

आमच्याकडे चाचण्या भरपूर होत्या, पण त्यातली अपेक्षित उत्तरे आमच्याच कोडने एकदा काढून फाइलमध्ये ठेवलेली होती. तपासणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारले की, हा आकडा बरोबर आहे हे तुम्हाला कशावरून माहीत? माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी सुचवल्याप्रमाणे एमपीमॅथ ही हव्या तितक्या अंकांपर्यंत गणना करणारी लायब्ररी घेऊन आम्ही ५० अंकांपर्यंत तीच मूल्ये स्वतंत्रपणे काढली. तेव्हा असे दिसले की चल शून्याच्या जवळ असताना आमचे उत्तर सातव्या अंकापासूनच चुकत होते. दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होत होती आणि त्यात अचूक अंक नाहीसे होत होते. आमच्या चाचण्या त्या चुकीलाच बरोबर मानत होत्या. एका प्रसिद्ध निबंधातील तक्त्याचा शेवटचा स्तंभ त्यामुळे दुरुस्त करावा लागला, आणि ज्यांनी आमचे पॅकेज वापरले होते त्यांना एकेक करून पत्रे लिहावी लागली. ती पत्रे लिहिणे सोपे नव्हते.

म्हणून आकडे जुळले नाहीत तर प्रथम कोणता आकडा खरा आहे ते ठरवा. आपला जुना आकडा हा पुरावा नव्हे. तुमच्या बाबतीत तपासणी अशी करता येईल: ज्याचा नॉइज आणि आवर्तकाल तुम्हीच ठरवला आहे अशा हजारो कृत्रिम कालश्रेणी तयार करा आणि तुमचे सूत्र ज्या शिखरांना एक टक्का संभाव्यतेचे म्हणते ती प्रत्यक्षात सुमारे शंभरात एकदाच येतात का, ते पाहा. यादृच्छिक संख्यांसाठी नम्पाय १.१७ पासून आलेला जनरेटर वापरा आणि तो फंक्शनला बाहेरून देता येईल अशी व्यवस्था ठेवा. कोणत्याही फंक्शनने आतल्या आत जागतिक सीड (यादृच्छिक संख्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलणे आज कोणी स्वीकारणार नाही.

काही फरक मात्र निव्वळ यंत्रामुळे पडतात आणि ते पूर्णपणे जाणार नाहीत. बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटमधले शेवटचे अंक बदलतात. 'लाँग डबल' हा प्रकार इंटेल प्रोसेसरच्या लिनक्सवर ८० बिटांचा असतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने आणि ॲपलच्या एआरएम प्रोसेसरवर तो साध्या डबलइतका, म्हणजे ६४ बिटांचाच राहतो. आमची एक चाचणी याच कारणाने तीन आठवडे एका यंत्रावर उत्तीर्ण आणि दुसऱ्यावर अनुत्तीर्ण होत होती. चाचणीतील सहनशीलता ही चाचणी उत्तीर्ण व्हावी म्हणून वाढवायची नसते. त्या गणनेत किती अंक टिकायला हवेत याचा हिशेब मांडून ती ठरवायची असते, आणि तो हिशेब टिप्पणीत लिहून ठेवला की तपासणाऱ्याचा विश्वास वाढतो.

श्रेयाविषयी. अनेक मोठे प्रकल्प पुल रिक्वेस्टमधले सगळे कमिट (बदलांच्या नोंदी) एकत्र करून एकच कमिट ठेवतात आणि त्यात मूळ इतिहास हरवतो. हे आधी विचारून घ्या. इतिहास ठेवायची त्यांची तयारी असेल तर गिट फिल्टर-रेपो या साधनाने हव्या त्या फाइलींचा इतिहास वेगळा काढता येतो. तयारी नसेल तर एकत्रित कमिटच्या संदेशात प्रत्येक सहलेखकासाठी 'को-ऑथर्ड-बाय' ही ओळ घालायला सांगा. ती गिटहबवर त्या व्यक्तीच्या नावे नोंदली जाते. फंक्शनच्या माहितीत तुमच्या शोधनिबंधाचा संदर्भ द्यावा, आणि तो बहुतेक प्रकल्प आपणहून मागतात. याखेरीज, समावेशापूर्वीच्या अवस्थेतील लायब्ररी झेनोडो या संशोधन-संग्रहावर ठेवून तिचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, घ्या आणि रिपॉझिटरीत सायटेशन फाइल ठेवा. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर २०१६ पासून नेमके यासाठीच आहे: सॉफ्टवेअरवर छोटा निबंध, आणि कोडचे परीक्षण सर्वांसमोर. तुमच्या सहकाऱ्याला नोकरीच्या अर्जात दाखवण्यासाठी कमिटच्या नोंदीपेक्षा तो निबंध अधिक उपयोगी पडेल. तो समावेशाच्या आधी लिहून घ्यावा, कारण नंतर वेगळे असे सॉफ्टवेअर उरत नाही.

चौथे उत्तर

माझे मत वेगळे आहे. तुमची पद्धत अजून बदलते आहे का, याचे प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्या. बदलत असेल तर ती मोठ्या लायब्ररीत नेऊ नका. तिथे गेल्यावर फंक्शनचे नाव, पॅरामीटरचा क्रम आणि डीफॉल्ट मूल्य यांपैकी काहीही बदलायचे तर आधी सूचना द्यावी लागते आणि मग एक-दोन रिलीज थांबावे लागते. सायपायमधल्या 'इंटर्प२डी' या फंक्शनचे दोष अनेक वर्षे सर्वांना माहीत होते. तरीही १.१० मध्ये त्याची अधिकृत पूर्वसूचना आली आणि ते प्रत्यक्ष निघाले ते २०२४ मधल्या १.१४ मध्ये. संशोधन चालू असताना असे बांधून घेणे परवडत नाही.

सायकिट-लर्न स्वतः २००७ मध्ये सायपायभोवतीचे एक बाहेरचे 'सायकिट' म्हणूनच सुरू झाले. ते आत गेले नाही म्हणूनच त्याला हवे तसे वाढता आले. ॲस्ट्रोपायची संलग्न पॅकेजची योजना तुमच्यासारख्यांसाठीच आहे, आणि आता त्यांचे परीक्षण पायओपनसाय या पायथन पॅकेजचे परीक्षण करणाऱ्या संस्थेच्या सहकार्याने होते. कोड तुमच्याच रिपॉझिटरीत राहतो, पण दर्जा, दस्तऐवज आणि चाचण्या यांची बाहेरच्या माणसांकडून कसून तपासणी होते. तपासणीतून गेलेले पॅकेज कोंडा-फोर्ज या पॅकेज-संग्रहावर ठेवले तर त्याची नवीन पायथनसाठीची बांधणी बऱ्याच प्रमाणात आपोआप सुरू राहते, आणि तुमची मुख्य भीती तीच होती. याने देखभालीचा प्रश्न पूर्ण सुटतो असे मी म्हणणार नाही. वापरणाऱ्या सहा-सात गटांपैकी एकातील कोणी तरी कमिटचे अधिकार घेऊन दुसरा मेंटेनर व्हायला हवा, आणि तो शोधण्याचे काम अनुदान चालू आहे तोवरच करावे लागेल.

पहिल्या उत्तरकर्त्याची पुरवणी

चौथ्या उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. माझ्या पहिल्या उत्तरात संलग्न पॅकेजच्या मार्गाला पुरेसे महत्त्व दिले गेले नाही. मात्र दोन्ही मार्ग एकमेकांच्या आड येत नाहीत. संलग्न पॅकेज म्हणून दोन वर्षे वापर झाला आणि पद्धत स्थिरावली की गाभा आत नेण्याचा प्रस्ताव अधिक बळकट होतो.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण पिरियडोग्रामच्या बाबतीत ती हमखास अडते. सायपायच्या 'लोंबस्कार्गल' फंक्शनला कोनीय वारंवारता द्यावी लागते, ॲस्ट्रोपायचा क्लास साधी वारंवारता घेतो. दोन्हींत २π चा फरक आहे आणि दोन्ही वापरणारे लोक तुमच्या फंक्शनकडे येणार आहेत. तुमची लायब्ररी काय घेते हे पहिल्या ओळीत लिहा, आणि शक्य असल्यास ॲस्ट्रोपायची एकके स्वीकारा, म्हणजे दिवस आणि सेकंद यांची गल्लत कोडच पकडेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांची उत्तरे सहकाऱ्यांसोबत बसून वाचली. आम्ही ठरवले ते असे. लायब्ररीतून गाभ्याच्या १,१०० ओळी वेगळ्या काढून त्याचे स्वतंत्र पॅकेज करायचे, हार्मोनिक आणि सामान्य पिरियडोग्रामसाठी ॲस्ट्रोपायचाच क्लास वापरायचा आणि आमची त्याची आवृत्ती काढून टाकायची. जुन्या नावाने येणाऱ्या वापरकर्त्यांसाठी एक पातळ आवरण ठेवू, ते नव्या पॅकेजला हाक मारेल आणि बदलाची सूचना दाखवेल. परवाना बदलण्यासाठी गिटच्या इतिहासात सापडलेल्या सर्व ७ जणांना पत्रे गेली आहेत आणि ४ जणांची लेखी संमती आली आहे. संस्थेच्या कार्यालयालाही विचारले आहे.

तिसऱ्या उत्तरातील प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याच रात्री कृत्रिम कालश्रेणींवर चाचणी लावली. नॉइजचा परस्परसंबंध अल्पकाळ टिकणारा असतो तेव्हा आमचे सूत्र नीट उतरते. तो निरीक्षणांच्या एकूण कालावधीच्या जवळपास पोहोचतो तेव्हा मात्र एक टक्क्याची म्हणून सांगितलेली शिखरे शंभरात तीन-चार वेळा येतात. आमच्या निबंधात ही मर्यादा लिहिलेली नाही. ती निबंधाला जोडायच्या दुरुस्तीत लिहिण्याचे काम आज सुरू केले आहे, आणि संलग्न पॅकेजचा अर्ज त्यानंतरच पाठवू. वापरणाऱ्या गटांना लिहायच्या पत्राचा मसुदा तयार झाला की तिसऱ्या उत्तरकर्त्यांनी तो एकदा नजरेखालून घालावा, अशी त्यांना विनंती आहे.